१९०८ : लंडनचे मंत्री, मुंबईचे गव्हर्नर आणि टिळकांच्या खटल्यामागची पत्रं

तळटीप

गेले काही महिने १९०८ च्या राजद्रोह खटल्याच्या आसपासचा पत्रव्यवहार मिळेल तसा वाचतोय. खटला आपल्याला शाळेपासून पाठ आहे. २१ तास १० मिनिटांचं भाषण, ज्यूरीतले सात युरोपियन आणि दोन पारशी, सात विरुद्ध दोन असा निकाल, सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. पण कोर्टाच्या भिंतीपलीकडे सरकारातली माणसं त्या दिवसांत एकमेकांना काय लिहीत होती, हे वाचायला लागलो आणि अडकलोच. इथे कुणाला रस असेल म्हणून धागा काढतोय.

पात्रं तीन. लंडनला भारतमंत्री जॉन मोर्ले. जुना लिबरल, तत्त्वज्ञ मिलचा शिष्य, ग्लॅडस्टनचा चरित्रकार. हा माणूस भारतमंत्री झाला तेव्हा गोखल्यांसारख्यांना केवढी आशा वाटली होती! दुसरे व्हाइसरॉय मिंटो. आणि तिसरे, या धाग्याचे खरे नायक किंवा खलनायक, मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क (पुढे लॉर्ड सिडनहॅम). मूळचे लष्करी इंजिनियर. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाचे गव्हर्नर होते, मग लंडनला साम्राज्याच्या संरक्षण समितीचे सचिव, आणि १९०७ मध्ये मुंबईत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुंबई आणि मद्रासच्या गव्हर्नरांचा एक जुना मान होता. ते थेट भारतमंत्र्यांना पत्र लिहू शकत. बाकीच्या प्रांतांच्या लेफ्टनंट गव्हर्नरांना व्हाइसरॉयच्या दारातूनच जावं लागे. कर्झनला हे अजिबात खपत नसे, त्याने हा मान काढून घ्यायचा प्रयत्नही केला होता. तेव्हा क्लार्क आणि मोर्ले यांच्यात व्हाइसरॉयच्या डोक्यावरून जाणारी एक खाजगी पाऊलवाट होती म्हणा ना.

आता घटनाक्रम. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बाँब पडला. न्यायाधीश किंग्जफर्डसाठी होता, बळी गेल्या केनेडी मायलेकी. १२ मे च्या 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' आला, ९ जूनला 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. दोन्हींच्या मधे, ८ जूनला, सरकारने वृत्तपत्रांचा आणि स्फोटकांचा असे दोन कायदे एकाच दिवशी करून घेतले. २४ जूनला मुंबईत सरदारगृहात टिळकांना अटक झाली. १३ जुलैला खटला सुरू, २२ ला रात्री निकाल.

अटकेबद्दल मोर्लेंनी क्लार्कना जे लिहिलं ते वाचून मी दोनदा चष्मा पुसला. मतलब असा : तुम्ही तुमच्या वकिलांना विचारलंत, तसा मलाही विचारण्याचा मान दिला असतात, तर मी स्पष्ट सांगितलं असतं की त्या माणसाच्या वाटेला जाऊ नका. मोकळा राहून तो जेवढं नुकसान करू शकला असता, त्याहून जास्त नुकसान त्याच्या शिक्षेने होणार आहे.

त्याच उन्हाळ्यात ते मिंटोंनाही लिहीत होते. राजद्रोहासाठी गडगडाटी शिक्षा ठोठावल्या जात आहेत ते पाहून मी हबकलो आहे, मुंबईत दगडफेक करणाऱ्यांना बारा-बारा महिने दिल्याचं वाचलं, हे भयंकर आहे. आणि पुढे ते प्रसिद्ध वाक्य : सुव्यवस्था राखलीच पाहिजे, पण अतिरेकी कडकपणा हा सुव्यवस्थेचा रस्ता नव्हे. उलट तो बाँबचा रस्ता आहे.

आता 'हे उपाय टिकाऊ नाहीत' काढून वाचा. सरकारच्या अंगात दर पाच-दहा वर्षांनी दडपशाहीचं भूत संचारतं, असल्या कायद्यांनी बाँब थांबणार नाहीत, बाँब का येतात त्याचा विचार करा. अर्थ काय वेगळा आहे? जे वाक्य भारतमंत्र्यांनी व्हाइसरॉयना पाकिटात घालून पाठवलं, तेच टिळकांनी मराठीत छापलं. एकाला मंडाले, दुसऱ्याला काही नाही.

एवढंच सांगायचं होतं. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर कान धरावा.

उगाच_एक

वाखु (वाचनखूण) साठवली. निवांत वाचतो.

शनिवारी_पेठकर

उत्तम धागा. मोर्ले एवढा विरोधात होता हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे घरात लहानपणापासून ऐकलेलं वेगळंच : गोखले तेव्हा विलायतेत होते आणि त्यांनीच मोर्लेच्या कानाला लागून टिळकांना आत टाकलं. आजोबा तर हे अगदी शपथेवर सांगायचे.

तळटीप

@पेठकर, ती कुजबूज तेव्हाच सुरू झाली होती. ठाण्याच्या 'हिंदू पंच' या पत्राने ती छापली, आणि गोखल्यांसारख्या मवाळ माणसाला अब्रुनुकसानीचा दावा लावावा लागला. गोखले १९०८ मध्ये लंडनला होते आणि मोर्लेंना भेटत होते एवढं खरं. पण पत्र काय सांगतं? मोर्ले क्लार्कवर चिडलेत ते 'मला न विचारता केलंत' म्हणून. ज्याला स्वतःलाच कुणी विचारलं नाही, त्याच्या कानाला लागून काय साधणार?

मधली_सुट्टी

पेठकर, तुमच्या आजोबांच्या पिढीचा राग जरा मागे, १८९७ पर्यंत नेऊन बघा. प्लेगच्या वेळीही गोखले विलायतेत होते. सोल्जरांनी घराघरांत जे केलं त्याबद्दल त्यांनी तिथे जाहीर आरोप केले. भारतमंत्री हॅमिल्टन यांनी मुंबईला विचारणा केली, गव्हर्नर सँडहर्स्टच्या सरकारने सगळं साफ नाकारलं, आणि पुरावा द्यायला कुणी पुढे येईना म्हणून गोखल्यांना परतल्यावर माफी मागावी लागली. ते पुण्याने कधी विसरलं नाही. म्हणजे लंडन आणि मुंबई यांच्यातल्या विचारणेत मधला माणूस कसा चिरडतो याचा नमुना त्यांच्याच नावावर आधीपासून होता. १९०८ ची कुजबूज पेरायला जमीन तयारच होती.

काळाकोट

वकील आहे, म्हणून कान धरायचं काम माझ्याकडे घेतो.

तळटीप, 'तेच वाक्य' हे बरोबर नाही. शेवटचा निष्कर्ष जुळतो, कबूल. पण टिळकांचा लेख तेवढ्यावर थांबत नाही. हत्यारबंदी करून राष्ट्राचं पौरुष कसं काढून घेतलं ते त्यात आहे. बाँब करायला मोठा कारखाना लागत नाही, थोड्या साहित्यात होतो, त्यामुळे कायद्याने तो अडवता येणार नाही, हेही आहे. खटला चालवणाऱ्या न्यायमूर्ती दावरांनी बोट ठेवलं ते नेमकं इथे. त्यांच्या मते हे लेख राजद्रोहाने उकळत होते, आणि भारतात बाँब आला म्हणजे देशाच्या भल्याचं काही आलं अशा थाटात तुम्ही त्याचं स्वागत करता आहात, असं त्यांनी टिळकांना सुनावलं. मला दावर पटत नाहीत. पण मोर्लेंच्या पत्रात हे काही नाही, हे मान्य करावं लागेल.

दुसरं, कायद्याची बाजू. १२४-अ, म्हणजे राजद्रोहाच्या कलमाखाली खटला भरायला मंजुरी लागायची ती स्थानिक सरकारची. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९६. म्हणजे मुंबई सरकारची सही झाली की पुरे, लंडनला विचारायचं कायदेशीर कारणच नव्हतं. क्लार्कनी वकिलांना विचारलं आणि मंत्र्यांना नाही, यात त्यांच्या दृष्टीने नियमबाह्य काही घडलं नाही. मोर्लेंच्या वाक्यातला तो 'मान दिला असतात तर' हा टोमणा आहे. हुकूम मोडल्याची तक्रार नाही, कारण हुकूम नव्हताच.

जाता जाता : १८९७ ला टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर हेच दावर. न्यायमूर्ती तय्यबजींनी तो मंजूर केला होता. १९०८ ला जामीन मागायला उभे राहिले जिना, आणि नाकारणारे न्यायमूर्ती दावर. आमच्या बार रूममध्ये ही गोष्ट नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात सांगितली जाते.

तळटीप

@काळाकोट, धरलात कान, सोडवून घेत नाही. 'तेच वाक्य' मागे घेतो, 'तोच निष्कर्ष' म्हणतो. धाग्यात तसंच राहू देतो, म्हणजे पुढच्यांना तुमचा प्रतिसाद कळेल.

निवृत्त_नस्ती

मंत्रालयात बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे तुम्ही लोक जे 'पत्र, पत्र' म्हणता आहात ते वाचून हात शिवशिवतात. कुठलं पत्र? सरकारात सगळ्या पत्रांचं वजन सारखं नसतं.

एक असतं शासकीय पत्र. त्याला जावक क्रमांक, ते नस्तीला म्हणजे फाइलला लागतं, उद्या विधानसभेत तारांकित प्रश्न आला तर तेच बाहेर येतं. दुसरं अर्धशासकीय, आपलं डी.ओ. सचिव सचिवाला 'प्रिय श्री. अमुक' म्हणून लिहितो, खाली 'आपला', स्वतःच्या हाताने सही. तेही नस्तीला लागतं, पण सूर वेगळा. आणि तिसरं, जे फोनवर होतं. ते कुठेच लागत नाही.

इंग्रजांच्या काळातही हेच तीन मजले होते, फक्त फोनच्या जागी खाजगी पत्र. भारतमंत्र्यांचा अधिकृत खलिता त्यांच्या लंडनच्या कौन्सिलसमोरून जायचा, पार्लमेंटने मागितला तर छापावा लागायचा. खाजगी पत्र ही त्यांची स्वतःची मालमत्ता. निवृत्त होताना ट्रंकेत घालून घरी न्यायची! म्हणून तर मिंटोंची कागदपत्रं आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, सरकारी दफ्तरात नाहीत.

तर तळटीप साहेब, मोर्लेंनी हे सगळं तिसऱ्या मजल्यावरून लिहिलं. खालच्या मजल्यावर, म्हणजे कागदोपत्री, त्यांनी काय केलं? निकाल फिरवायला सांगितला? गव्हर्नरला परत बोलावलं? काही नाही. क्लार्क १९१३ पर्यंत आपली मुदत आरामात पूर्ण करून गेले. आमच्याकडे असल्या साहेबांना म्हणायचे 'तोंडी नापसंती, लेखी मान्यता'. असे साहेब मी चार पाहिलेत.

उगाच_एक

'तोंडी नापसंती, लेखी मान्यता'. दंडवत घ्या काका. हे आमच्या आयटी कंपनीच्या भिंतीवर लावतो.

मधली_सुट्टी

नस्तीकाकांना अनुमोदन, आणि थोडी भर. मोर्ले 'न विचारता केलंत' म्हणून कुरकुरतात, पण विचारून झालेल्या गोष्टींना त्यांनी मान डोलावलीच की! मे १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंगांना १८१८ च्या रेग्युलेशनखाली, खटल्याशिवाय, मंडालेला धाडलं. तेव्हा भारतमंत्री हेच. जून १९०८ चे दोन कायदे यांच्याच काळातले. डिसेंबर १९०८ ला अश्विनीकुमार दत्त, कृष्णकुमार मित्र वगैरे नऊ बंगाली पुढारी पुन्हा तसेच बिनखटल्याचे उचलले, तेव्हाही हेच.

आणि आपल्याला ही पत्रं माहीत कशी झाली? मिंटोंना लिहिलेल्या पत्रांतले उतारे मोर्लेंनी स्वतःच आपल्या आठवणींत १९१७ साली छापले. स्वतः निवडून. 'बाँबचा रस्ता' हे वाक्य त्यात येणारच! मला त्या पत्रांत थोडा आरसाही दिसतो. बाकी कुणाला पटो न पटो, पुढच्या पिढीने आपल्याला मिलचा शिष्य म्हणूनच ओळखावं.

तळटीप

आरशाचं पटलं. पण क्लार्कना लिहिलेलं ते टोमण्याचं पत्र आरशासाठी नसावं. त्यात खरा वैताग आहे.

क्लार्कची बाजू लिहायची राहिली, ती लिहितो. हा माणूस मूर्ख नव्हता, आणि त्याच्या पत्रांत डळमळ अजिबात नाही. त्याने मोर्लेंना कळवलं की टिळक हा नुसता जहाल लिहिणारा संपादक नव्हे, इंग्रजी राज्य उलथवणाऱ्यांतला तो मुख्य सूत्रधार आहे. गणपती उत्सव, शिवजयंती, पैसा फंड, राष्ट्रीय शाळा, या सगळ्यांचा रोख एकच आहे.

इथे मला हसावं की रडावं कळत नाही. पैसा फंड म्हणजे घरटी एकेक पैसा गोळा करायचा आणि त्यातून स्वदेशी धंदे उभे करायचे. त्यातूनच १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कंदिलाच्या काचा फुंकणाऱ्या पोरांकडे बघून गव्हर्नरला साम्राज्य तडकताना दिसत होतं. आणि गंमत अशी की, खाजगीत तेही काही फार चुकीचं वाचत नव्हते. गणपतीपुढचे मेळे काय गात होते ते आपल्याला माहीत आहे. मोर्लेंपेक्षा क्लार्कना टिळक जास्त कळले होते असं माझं मत होत चाललंय. घाबरणारा माणूस बारकाईने बघतो.

शनिवारी_पेठकर

"गंमत अशी की" म्हणून गव्हर्नरची भलामण चालली आहे का इथे? सहा वर्षं गेली त्या माणसाची. बायको वारली तेव्हा मंडालेत होते ते.

तळटीप

भलामण नाही हो. शत्रूने आपल्याला ओळखलं होतं, एवढंच.

चार्ल्सकाठी

बॉस्टनहून. आमच्याकडे एप्रिलमध्ये दरवर्षी लाल डगले घालून लोक लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर लुटुपुटूची लढाई करतात, पहाटे थंडीत कॉफीचे पेले धरून ती बघायची. या धाग्यामुळे त्यामागचं एक पत्र आठवलं, गव्हर्नर आणि लंडन यांचंच.

जनरल गेज हे मॅसेच्युसेट्सचे गव्हर्नरही होते आणि सेनापतीही. ते लंडनला सारखे लिहीत होते की परिस्थिती हाताबाहेर चालली आहे, मोठी फौज पाठवा. वसाहतींचे मंत्री लॉर्ड डार्टमथ यांनी २७ जानेवारी १७७५ ला 'गुप्त' म्हणून उत्तर लिहिलं : पुढाऱ्यांना पकडा, ही सगळी योजना नसलेली, मेळ नसलेली अडाणी झुंड आहे, आत्ता थोड्या बळाने होईल ते पुढे मोठ्या फौजेनेही होणार नाही. ते पत्र गेजच्या हातात पडलं १४ एप्रिलला. अकरा आठवडे! आणि १९ एप्रिलला लेक्सिंग्टन आणि काँकर्डला गोळ्या झडल्या.

इथे मात्र तुमच्या उलट आहे. लंडन तापलेलं आणि गव्हर्नर बिचकणारा. मुंबईत गव्हर्नर तापलेला आणि लंडन कुरकुरणारं. तुमच्याकडे १९०८ ला तर तारा होत्या. मग मोर्लेंनी एक तार का नाही ठोकली?

काळाकोट

चांगला प्रश्न. तारखा मांडून बघू. डाकेच्या बोटीला मुंबई ते लंडन साधारण दोन आठवडे लागत. अटक २४ जूनची. त्यावर सविस्तर पत्र निघालं तर ते पोचणार जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. उत्तर लगेच टाकलं तरी मुंबईत पोचेपर्यंत जुलै संपत आलेला. निकाल २२ जुलैचा. म्हणजे पत्रांच्या चालीने बघितलं तर अख्खा खटला एका जा-ये मध्ये बसतो. तारेने अर्थातच त्याच दिवशी कळवता आलं असतं. पण काय कळवणार? 'हायकोर्टात चालू असलेला खटला काढून घ्या'? ज्या मंत्र्याची हयात कायद्याच्या राज्याचे गोडवे गाण्यात गेली, त्याने तशी तार करायची, आणि ती फुटली तर पार्लमेंटमध्ये उत्तर द्यायचं?

निवृत्त_नस्ती

काळाकोट साहेबांनी बरोबर दुखणं पकडलं. आणखी एक बारकावा. तार सांकेतिक असली तरी ती लिपीत घालणारा आणि लिपीतून काढणारा कारकून असतोच. पत्रात चार पानं मन मोकळं करता येतं, तारेत वीस शब्दांत हुकूमच द्यावा लागतो. ज्याला हुकूम द्यायचा नसतो तो पत्र लिहितो. मी स्वतः अशी पत्रं टंकून घेतली आहेत. 'या बाबतीत आपण योग्य तो निर्णय घ्यालच' असं शेवटी असलं की समजायचं, साहेबांना निर्णय नकोय.

मधली_सुट्टी

भाषेचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून काढते. मोर्लेंनी 'केसरी' वाचला होता तो इंग्रजीत. क्लार्कनीही. ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं, तरी निकाल मराठी लेखांवर दिला!

मुंबई सरकारचं ओरिएंटल ट्रान्सलेटरचं एक खातंच होतं. दर आठवड्याला देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा छापून निघायचा, गोपनीय म्हणून. काळ्या घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, तिथे मी ते खंड पाहिले आहेत. शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीत गेले होते. कागद इतका करकरीत झालेला की पान उलटताना श्वास धरावा लागतो. समासात वर्तमानपत्राचं नाव, तारीख, आणि शेजारी चार-सहा ओळींत अख्ख्या अग्रलेखाचा सांगाडा. 'केसरी'ची भाषा ज्याने वाचली आहे त्याने ते इंग्रजी वाचावं. मसाला सगळा खाली बसलेला आणि नुसतं तिखट वर तरंगतंय. टोमणा गेला, म्हण गेली, वाचकाला मारलेला डोळा गेला, आणि उरलं काय तर 'सरकार', 'जुलूम', 'बाँब'.

टिळकांनी कोर्टात याच खात्यातल्या भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. 'माथेफिरू' या शब्दाचं इंग्रजी काय करायचं, यावर वाद. मी नववीच्या मुलांना हा प्रसंग सांगते. एका मुलाने विचारलं, "मग बाई, खरं इंग्रजी काय त्याचं?" मला तरी अजून धड सुचलेलं नाही.

चार्ल्सकाठी

"मसाला खाली बसलेला आणि तिखट वर तरंगतंय" 👌 म्हणजे क्लार्कची पत्रं वाचताना हे धरून चालायला हवं की त्यांच्या टेबलावर आलेले टिळक मुळातल्या टिळकांपेक्षा जास्त तिखट होते.

तळटीप

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मोर्ले-क्लार्क-मिंटो तिघंही एका अशा लेखाबद्दल भांडत होते जो त्यांच्यातल्या एकानेही वाचलेला नव्हता.

'देशाचे दुर्दैव'ची सुरुवात मराठीत परत वाचली आत्ता. स्वभावतः शांत आणि सौम्य असलेल्या हिंदुस्थानावर रशियासारखी पाळी यावी याची खंत. त्यात खंत खरी आहे आणि धमकीही खरी आहे, दोन्ही एकाच वाक्यात. भाषांतरकाराने एकच घेतली तर दुसरी बिचारी कोर्टात आलीच नाही.

उगाच_एक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

शनिवारी_पेठकर

@उगाच_एक, काय लिहिलं होतंत? मजेशीर असणार.

भोंगा

पहिल्यांदाच लिहितोय इथे, सांभाळून घ्या.

आमचं घर लालबागचं. पणजोबा रत्नागिरीकडून गिरणीत आलेले, त्या सहा दिवसांत ते इथेच होते. सहा वर्षांची शिक्षा, वर्षाला एक दिवस, म्हणून सहा दिवस गिरण्या बंद. २३ जुलैपासून. त्याच दिवशी टिळकांचा वाढदिवस, बावन्न पुरी झाली. मूळजी जेठा मार्केटचे कापडवाले शेटही दुकानं बंद करून बसले होते. लष्कर आलं, गोळीबार झाला, सरकारी आकड्यानेच पंधरा-सोळा माणसं मेली. लेनिनने त्यावर लिहिलं हे लाल बावट्याची मंडळी दर वर्षी सांगतात.

पणजोबांच्या तोंडची म्हणून घरात एकच गोष्ट राहिली आहे. पहाटे भोंगा वाजायचा तो वाजला. मालकांनी वाजवायचा तो वाजवला. पण चाळीतून कुणी उठलं नाही. बाया उठल्या सवयीने, चुली पेटवल्या, आणि मग पुरुष झोपलेले बघून परत बसल्या. पणजोबा म्हणायचे, आयुष्यात पहिल्यांदा भोंगा संपेपर्यंत पडून ऐकला, किती लांबलचक असतो ते तेव्हा कळलं.

मला विचारायचं होतं, त्या सहा दिवसांत गव्हर्नरसाहेब लंडनला काय कळवत होते? एवढे मोर्ले म्हणाले होते ना, शिक्षेने जास्त नुकसान होईल. ते तर लगेच दुसऱ्या दिवशी झालं.

तळटीप

@भोंगा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. लिहीत राहा.

सरकारी मांडणीचा एकूण थाट असा, की हे सगळं चिथावणीने झालं, मजुराला टिळक कोण हे माहीत नाही, कुणीतरी पढवलं म्हणून तो बाहेर पडला. तुमच्या पणजोबांना कुणी पढवलं होतं का, ते आता तुमच्याच घरात विचारायला हवं. शिक्षेचं पुढे सरकारने रूपांतर केलं, काळ्या पाण्याऐवजी साधी कैद आणि दंड माफ. सप्टेंबरमध्ये साबरमतीहून मंडाले. यात मोर्लेंच्या कुरकुरीचा वाटा असेल तर तो एवढाच.

भोंगा

पढवलं नव्हतं. शेजारच्या खोलीत एकजण 'केसरी' वाचून दाखवायचा. पणजोबांना वाचता येत नव्हतं.

मधली_सुट्टी

म्हणजे ज्यूरीला कळत नव्हता तो अग्रलेख तुमच्या पणजोबांना मुळातून कळत होता.

शनिवारी_पेठकर

क्लार्कचं पुढे काय झालं हे कुणी लिहिलंच नाही. नंतर लॉर्ड सिडनहॅम होऊन विलायतेत बसले आणि पुढचे भारतमंत्री माँटेग्यू यांच्या सुधारणांना खो घालायला इंडो-ब्रिटिश असोसिएशन काढून जन्मभर आपल्या विरुद्ध बोंबलत राहिले. आणि चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या दाव्यासाठी टिळक लंडनला गेले तेव्हा मुंबई सरकार चिरोलच्या मदतीला. म्हणजे गव्हर्नर बदलले तरी नस्ती तीच.

निवृत्त_नस्ती

नस्ती कधी बंद होत नाही हो. तिला फक्त नवीन कव्हर लागतं.

काळाकोट

आज दुपारी हायकोर्टात होतो. जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम मधल्या कोर्टाकडे चक्कर मारली, जिथे १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छगलांनी पाटी बसवली. 'या न्यायासनाहून श्रेष्ठ अशी शक्ती आहे' असं टिळक म्हणाले ते संगमरवरात आहे. रोज जातो, वाचत नाही, तसं आज वाचलं. पाटीखाली एक ज्युनियर मोबाइलवर पुढची तारीख अशिलाला सांगत होता, खिडकीत कबुतरं.

भोंगा, तुमचा पणजोबा कुठल्या गिरणीत होता?

भोंगा

ते मात्र घरात कुणाला नक्की सांगता येत नाही. आत्याला विचारतो. ती गावी आहे, गणपतीत भेटेल.